खाडीकाठचे वीस गुंठे इसहाकला

मी, गुणाजी भिकाजी पाष्टे, वय ५८, मूळ राहणार पाष्टेवाडी, ता. गुहागर, जि. रत्नागिरी, हल्ली मुक्काम अबू मिशाल यांचे शेत, तबूक, सौदी अरेबिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. गुरुवारी माझे हृदयाचे ऑपरेशन आहे. डोके ठिकाणावर आहे. बिघाड छातीत आहे, त्याचे कागद डॉक्टरांकडे आहेत. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. उलट आमचा स्वयंपाकी कादिर सकाळपासून "हे अभद्र लिहू नकोस" म्हणून मागे लागला आहे.

१. पाष्टेवाडीचे राहते घर, परसातल्या विहिरीसह, पत्नी सौ. अर्चना हिला मिळावे. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत मी त्या घरात सगळ्या सुट्ट्या धरून तीन वर्षेही राहिलो नसेन. ते बांधून तिनेच घेतले, गवंड्याशी भांडलीही तीच. मी फोटो पाहून "छान" म्हणालो. तेव्हा मी तिला घर देतो हे बोलणे जरा आगाऊपणाचेच आहे. कागदोपत्री ते तिचे व्हावे, एवढ्यासाठी लिहिले.

२. बँकेतली शिल्लक आणि नोकरी संपताना मिळेल ती रक्कम अर्चना व मुलगी अमिता यांना निम्मी निम्मी. अमिता स्वतः नर्स आहे आणि ऑपरेशनचे मी तिला अजून सांगितलेले नाही. बाळा, रागावू नकोस. तू फोनवर शंभर प्रश्न विचारले असतेस आणि मला एकाचेही उत्तर आले नसते.

३. चुलतभाऊ पांडू याने २००९ साली माझा मोठा पाईप पाना दोन दिवसांसाठी नेला. तो त्याला कायमचा दिला. मी सुट्टीवर आलो की त्याने आता मागच्या वाटेने जाऊ नये.

४. इथली माझी बाकी हत्यारे आणि पिव्हटच्या दुरुस्तीची वही अबू मिशाल यांची मुलगी हिंद हिला द्यावी. पिव्हट म्हणजे चाकांवर गोल फिरत पाणी शिंपडणारा लांब पाईप. तीच माझी रोजीरोटी. सौदीकरणात मुकादमाची जागा सौदी माणसालाच द्यायची ठरली, तेव्हा माझी जागा हिंदला मिळाली आणि मी तिच्या हाताखाली आलो. मला वाटले होते, कॉलेजात शिकलेली पोर खुर्चीवर बसून हुकूम सोडेल. पहिल्याच दिवशी ती गिअरबॉक्सखाली आडवी झाली आणि तेलाने माखून बाहेर आली. वही मराठीत आहे. कादिरने तिला अरबीत वाचून दाखवावी, शिव्या वगळून.

५. खाडीकाठचे वीस गुंठे इसहाक हसन परकार याला द्यावेत. इसहाक खाडीपलीकडच्या गावचा. त्याच्या नावावर सातबारा आहे, त्यामुळे शेतजमीन घ्यायला अडचण नसावी. अर्चनाला मी विचारले आहे. कारणही लिहितो, म्हणजे माझ्या माघारी कोणी तर्क करत बसणार नाही.

या शेतावर मी गव्हाकडे आणि इसहाक मांसासाठी पाळलेल्या वासरांकडे, अशी आमची वाटणी होती. गहू सरकार चांगल्या भावाने घ्यायचे. पण जमिनीतले पाणी आटत चालले, म्हणून ती खरेदी दरवर्षी कमी होत गेली आणि २०१६ साली थांबली. परदेशी माणसेही कमी करायची होती. अबू मिशाल यांनी मला एकट्याला बोलावून विचारले, "दोघांपैकी एकच ठेवता येईल. शेत कशावर तगेल, गव्हावर की वासरांवर?"

यापुढची सरकारी मदत जनावरे पाळणाऱ्यांना मिळणार, हे कृषी खात्याच्या कचेरीत मी स्वतःच्या कानांनी ऐकले होते. तरी मी म्हणालो, "मी गेलो तर पिव्हट गंजतील." पिव्हट गंजले असते हे खरे. पण कचेरीतले मी सांगितले नाही. इसहाक गेला. जेद्दाला अल अझीझिया भागात भावाच्या दुकानात कांदे-बटाटे तोलू लागला. जाताना प्रत्येक वासराच्या खोडी मला सांगून गेला.

दोन वर्षांनी मदतीसाठी अर्ज केला. जनावरांचा सरकारी डॉक्टर तपासणीला यायचा होता, त्याच सकाळी एक वासरू ओल्या लसूणघासात शिरले आणि फुगून आडवे पडले. डावी कूस ढोलासारखी. मी इसहाकला फोन लावला.

"आधी उभा कर त्याला," तो म्हणाला. "तोंडात आडवी काठी बांध, लगामासारखी. चघळू दे. मग गोडेतेल पाज, पण हळू, नायतर फुफ्फुसात जाईल."

मागे गिऱ्हाईक ओरडत होते. इसहाकने फोन ठेवला नाही. हिंदने वासराचे डोके मांडीवर धरले, मी तेल पाजले. अर्ध्या तासाने मोठी ढेकर आली, ती फोनवर त्यालाही ऐकू गेली. तो दुकानात खो खो हसला. डॉक्टर आला तेव्हा वासरू उभे होते. मदत मंजूर झाली, शेत तगले.

हिंदने विचारले, "फोनवर कोण होते?"

मी म्हणालो, "इथे जो असायला हवा होता, तो."

त्या संध्याकाळी मी इसहाकला सगळे सांगितले. तो म्हणाला, "मला ठाव होता, गुण्या. तू काय बोललास ता अबू मिशालनी तवाच सांगितलान."

माहीत असूनही त्याने फोन ठेवला नव्हता. त्याला गावी स्वतःचा गोठा घालायचा आहे आणि त्याच्या जमिनीला पाणी नाही. माझ्या वीस गुंठ्यांत बारमाही झरा आहे.

६. अबू मिशाल यांना मी काही ठेवलेले नाही, कारण ते साक्षीदार आहेत. हे ऐकून ते म्हणाले, "सत्तावीस वर्षे मीठ खाल्लेस आणि मला फक्त सही?" मग डोळे पुसायला बाहेर गेले.

७. मृत्यू झाल्यास माझा देह गावी न्यावा. सोबत इसहाकने जावे. काल तो जेद्दाहून बसने आला आहे. हे कलम आणि पाचवे मी त्याला वाचून दाखवले.

तो म्हणाला, "मयत बरोबर नेईन, त्याची चिंता करू नको. पण जमीन मेलेल्याच्या हातून मी घेणार नाय."

"मग कशी घेणार?"

"गुरुवारी ऑपरेशन. बरा झालास की दोघा जाऊ. तूच माझ्यासंगती चाल आणि हद्द दाखव."

मी हो म्हणालो आहे. तरीही हे मृत्युपत्र कायम समजावे. वाचून, समजून, शुद्धीत सही करतो.

ठिकाण: तबूक
दिनांक: १९ नोव्हेंबर २०१९

(सही) गुणाजी भिकाजी पाष्टे

आमच्या डोळ्यांसमोर सही झाली:
१. अबू मिशाल, शेतमालक (सही अरबीत)
२. कादिर महमूद मुकादम, स्वयंपाकी, मूळ राहणार म्हसळा, जि. रायगड