उंबराला वळसा

बा, तीन रात्री माझा डोळा नाय लागला. शिमगा तोंडावर आलाय, विहीर तळाला गेली, तरी घराच्या भुईखाली पाणी चालल्यागत वाजतं. सासू म्हणते, बाळंतिणीचे कान हायेत, दुसरं काय. पर पोरगी पण झोपत नाय. पाळण्यात ठेवली की रडते, भुईवर ठेवली की कान टेकून गप पडते. ऐकत असल्यागत.

तुला आठवतं का रं? मी सात वर्सांची. तू माझ्या आताच्या सासऱ्यांकडं बांधाच्या कामाला व्हतास, घरामागच्या ह्याच उतारावर. उंबरापाशी मला पालथी निजवलीस, म्हणालास, "ऐक. खाली पाणी हाय. ह्याला वळसा द्यायचा, अडवायचं नाय. अडवलं तर डोंगर घरात येल." मग तू बांधाची रेघ उंबराला वळसा घालून नेलीस, दर वळणावर एक चपटा दगड ठेवत. तू गेल्यावर कोणी डागडुजी केली नाय. बांध मोडला, दगड मातीत गेले.

आता माती वाहून जाते म्हणून सरकारी साहेब नवे बांध घालायला आलाय. लाल फडक्याच्या खुंट्या ठोकल्या, उंबरापाशीनं सरळ आडव्या. माणूस भला. आमच्या अंगणात सगळ्यांना बसवून म्हणाला, जमीन तुमची, तुमीच सांगा. सासरे म्हणाले, साहेब शिकलेले, आमी काय सांगणार. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी दाराआड पोरीला घेऊन उभी. सून मी. तोंड उघडलंच नाय.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सगळी आडवी झाल्यावर वर गेले आन दोन खुंट्या उपटून तुझ्या रेघेवर रोवल्या. सांजच्याला सासरे आले, म्हणाले पाच खुंट्या हलल्यात. मी बघायला गेले. पाची तुझ्या रेघेवर, उंबराला वळसा घालून. दर खुंटीच्या बुडाशी चपटा दगड, ओली माती लागलेला. सासू माझ्याकडं बघून म्हणाली, "तुझा बा मेला नाय गं, मुकादम झालाय." कोणी हसलं नाय.

सासऱ्यांनी खुंट्या परत सरळ ठोकल्या. उद्या खणायला लागतील. बांध पुरा झाला की पावसाळा येल, आन पोरगी ह्याच भुईवर निजलेली असल.

हा कागद तुला कुठं धाडू? उंबराखाली दगडाखाली ठेवते. ज्याला सापडल त्यानं कुदळ मारायच्या आधी कर्जत टेसनातल्या बाबूच्या पाया पडून नेरळ टेसनाला फोन करावा. माझा भाऊ तिथं हमाल हाय. त्याला बाची रेघ ठाऊक हाय, आन बाप्या माणसाचं साहेब ऐकल. त्याला सांगा, खुंट्या मी हलवल्या. दोनच. दगड मी नाय ठेवले.