काजळवीर, दीडपट स्पीडने

३ डिसेंबर, बुधवार. सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. मनातलं बोलायला घरात कोणी नाही. म्हणजे बायको आहे, सुषमा, पण ती सकाळी सकाळी धर्मेंद्रचा व्हिडिओ बघतेय.

धर्मेंद्र म्हणजे माझा साडू. सुषमाच्या धाकट्या बहिणीचा, रंजनाचा नवरा. इथेच सुरतेत, लिंबायतला मोबाइल रिपेअरचं दुकान. हा माणूस वेब सिरीजवर बोलतो आणि सात हजार लोक ऐकतात. सध्या 'काजळवीर' चालू आहे. सुपरहिरोची सिरीज, दहा भाग, सगळा अंधार. हिरोला अंधारात ताकद येते, पण ताकद वापरली की दर वेळी तो आपल्या एका माणसाला विसरतो.

कालच्या व्हिडिओत साडूने 'पेसिंग' आणि 'रीवॉच व्हॅल्यू' हे शब्द वापरले. बारावीला दोनदा बसलेला माणूस.

मला जळजळ वगैरे काही नाही. सोडा घेतला तो कालच्या मिरचीच्या ठेच्यामुळे.

५ डिसेंबर, शुक्रवार
संकल्प. सिरीज स्वतः बघायची आणि एकवीस तारखेच्या भरीत पार्टीत धर्मेंद्रला सगळ्यांसमोर गार करायचं. पार्टी माझ्या सासऱ्यांची, सुकलालमामांची. सासरची चाळीस माणसं येतात. मला हारतुरे नकोत. सुषमाने एकदा म्हणावं, की धर्मेंद्रपेक्षा तुम्हाला जास्त कळतं. बस. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, असं काही ती अजून म्हणालेली नाही. संधी मिळाली नसेल.

तयारीची चिंता नाही. बावीस वर्षं बमरोलीच्या प्रोसेस हाउसमध्ये चेकर आहे. टेबलावरून कापड पळत असतं आणि मी पळत्या कापडातली तुटलेली तार, म्हणजे धागा, पकडतो. सिरीज म्हणजे काय मोठी गोष्ट.

७ डिसेंबर, रविवार
कामाला सुरुवात. कापड आम्ही उलट्या बाजूने तपासतो, फॉल्ट तिथे आधी दिसतो. तीच पद्धत इथे लावली. दहावा भाग आधी पाहिला, मग नववा. स्पीड दीडपट.

फॉल्ट नंबर एक: सस्पेन्स अजिबात नाही. खलनायक कोण, हे मला सुरुवातीपासून ठाऊक होतं.

सुषमा समोर बसून साड्यांना स्टोन चिकटवत होती. घरबसल्या घेते ते काम. म्हटलं, बघ, किती कच्चा माल आहे. तिने विचारलं, दहावा आधी का पाहताय. तिला पद्धत समजावून सांगितली. बराच वेळ समजावली. ती स्टोन चिकटवत राहिली.

९ डिसेंबर, मंगळवार
दुसऱ्या नावाने खातं उघडलं. 'निष्पक्ष सुरती'. साडूच्या व्हिडिओखाली लिहिलं: या भाऊंना पेसिंगमधलं काही कळत नाही. आठ मिनिटांत एक लाइक आला. तो माझाच, चुकून बोट लागलं. पण सुरुवात चांगली आहे.

१२ डिसेंबर, शुक्रवार
चौथ्या भागापर्यंत आलो. काहीही घडत नाही. हिरो घरी बसलेला. बायको चहाचा कप ठेवते, उचलते, पुन्हा ठेवते. सत्तेचाळीस मिनिटं. एक मारामारी नाही. स्पीड दुप्पट केला, मग बोटानेच पुढे ढकलला. हा भाग कापून टाकला तरी फरक पडणार नाही.

संध्याकाळी धर्मेंद्रचा व्हिडिओ नेमका याच भागावर. म्हणतो, पहिल्यांदा पाहताना हा भाग संथ वाटतो, कारण आपण हिरोकडे बघत असतो. दुसऱ्यांदा पाहाल तेव्हा बायकोकडे बघा. नवरा आपल्याला विसरला, हे तिला पहिल्या कपालाच कळलंय. नंतर ती फक्त खात्री करून घेतेय, आणि खात्री करायला वेळ लागतो.

हे ऐकून सुषमा हसली. बारीक, स्वतःशी. माझं ऐकून ती अशी कधी हसली होती ते आठवायला बसलो. आठवेना.

जळलो. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचणार आहे. डोक्यापासून पायापर्यंत जळलो. याला असलं सुचतंच कसं? याला रंजनाचा वाढदिवस लक्षात राहत नाही.

'निष्पक्ष सुरती'ने लिहिलं: आम्ही सुपरहिरो बघायला बसतो, कपबशा नाही.

१७ डिसेंबर, बुधवार
पाळी बदलली, दुपारी घरी. एकूण एकसष्ट फॉल्ट निघाले, त्यांचं भाषण तयार केलं. सुषमाला म्हटलं ऐकतेस का. ती फोनवर होती, हाताने थांबा म्हणाली. रंजनाचा फोन. रोज दुपारी तासभर चालतो म्हणे. दोघी बहिणी एवढं काय बोलतात देव जाणे.

भाषण आरशासमोर म्हटलं. उत्तम झालं.

२१ डिसेंबर, रविवार. संध्याकाळी
थोडक्यात लिहितो.

भरीत झकास होतं. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजलेली. जेवणं झाल्यावर मी उभा राहिलो आणि फॉल्ट वाचायला लागलो. लोक ऐकत होते. नवव्या फॉल्टला, चौथा भाग फुकट आहे म्हटल्यावर, धर्मेंद्रने शांतपणे विचारलं, शेवटी ती कप फोडते तो सीन कसा वाटला. मी म्हणालो, ठीक होता, जरा लांबवलाय. तो म्हणाला, ती कप फोडत नाही, धुऊन कपाटात ठेवते.

चाळीस माणसं हसली. सुकलालमामांना ठसका लागला.

मग माझा तोल गेला. म्हटलं, तुझे मुद्दे तरी तुझे आहेत का, कुठून चोरतोस ते सांग. त्याला लाज वाटायला हवी होती. तो अहिराणीत म्हणाला, "मी नुसता तोंड हलावस, भाऊ. पॉइंट समदा ताईना शेतस."

ताई म्हणजे सुषमा.

दुपारी रंजनाच्या फोनवर ती बोलायची आणि हा लिहून घ्यायचा. सिरीज तिने तीनदा पाहिलीय. पहिल्या भागापासून, साध्या स्पीडने, स्टोन चिकटवत. मामा म्हणाले, आमची पोरगी लहानपणापासून हुशार.

स्कूटरवर घरी येताना मी विषय काढला नाही, वारा फार होता.

२२ डिसेंबर, सोमवार
ज्याच्यावर तीन आठवडे जळलो तो माणूस माझ्याच घरात, माझ्याच समोर, साडीला स्टोन लावत बसला होता. आता जळायचं कोणावर ते नव्याने ठरवावं लागेल. आज काही ठरलं नाही. कामावर दोन तुटलेल्या तारा माझ्या नजरेतून सुटल्या.

२८ डिसेंबर, रविवार
सुषमाने स्वतःचा चॅनल काढला. पहिला व्हिडिओ आज. आवाज येतो म्हणून पंखा बंद केला, खोकतो म्हणून मला बाहेर बसवलं. रेकॉर्डिंग संपलं, व्हिडिओ चढला, तरी कोणी आत बोलावलं नाही.

जिन्यात बसून पाहिला. चौदा मिनिटं. एकदाही पुढे ढकलला नाही. मग पुन्हा पाहिला.

खाली 'निष्पक्ष सुरती'च्या नावाने लिहिलं: ताई, चौथ्या भागाबद्दल पटलं. तिला संशय येऊ नये म्हणून 'ताई' मुद्दाम घातलं.

दोन मिनिटांत तिचं उत्तर आलं. सगळ्या जगासमोर, त्याच कमेंटखाली.

"जेवाले या. भाकर थंडी व्हई राहिनी."