कोरा सोडलेला पेपर

सर, तुम्ही गेल्याचं मला वाईट वाटलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. शोकसभेला मी आलो होतो, मागच्या रांगेत बसलो होतो, दोन मिनिटं उभं राहा म्हटल्यावर उभाही राहिलो. पण त्या दोन मिनिटांत तुमच्या फोटोकडे पाहत मी मनातल्या मनात एवढंच म्हणत होतो, की बरं झालं, आता रस्त्यात समोरासमोर येऊन तोंड फिरवायची कटकट संपली. आता इतक्या वर्षांनी कॉलेजला तुमची आठवण आली आहे. मैदानाच्या नव्या पॅव्हेलियनला तुमचं नाव द्यायचं ठरलंय, त्यासोबत स्मरणिका निघणार आहे, आणि प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "तुम्ही त्यांचे पट्टशिष्य. त्यांच्याच जागेवर काम करता. दोन पानं तुमचीच पाहिजेत." पट्टशिष्य! मी हो म्हणून आलो. तीन संध्याकाळी कागद घेऊन बसलो. "ऋषितुल्य" या शब्दापाशी पेन अडला तो अडलाच. मग म्हटलं, स्मरणिका गेली खड्ड्यात, आधी तुमच्याशीच बोलून घेऊ.

तुमचं चरित्र लिहायला तसं अवघड नाही. कागदावर तुम्ही केमिस्ट्रीचे लॅब अटेंडंट. कॉलेजात फुटबॉल कोचची पोस्टच नव्हती, म्हणून तुम्हाला तिथे चिकटवलं होतं, आणि तुम्ही रिटायर होईपर्यंत चिकटून राहिलात. चार वाजेपर्यंत पोरांनी खराब केलेल्या परीक्षानळ्या धुवायच्या आणि सव्वाचारला मैदानावर. हाताला कायम ॲसिडचा वास. टीमचे खरे कोच म्हणजे मोठे सर, क्रीडा विभागाचे प्रमुख. गोल मारणारी पोरं त्यांची, हार त्यांचे, पेपरातले फोटो त्यांचे. तुमच्या वाट्याला आम्ही, मागचे चौघं. आपल्यावर गोल झाला नाही तर आमचं नाव कोणी घेत नसे, आणि झाला की सगळं मैदान आमच्या नावानं शिमगा करी. तुम्ही कळमन्याच्या बाजारातून पोती शिवायची सुतळी आणायचात, तिची जाड दोरी वळायचात आणि आम्हा चौघांना एका रांगेत उभं करून कमरेला बांधायचात, दोघांमध्ये आठ पावलांचं अंतर ठेवून. एक सरकला की चौघांनी सरकायचं. एकटा पळाला तो बाकी तिघांना घेऊन आडवा व्हायचा. "काहून पुढं पळून राहिला बे? तुले कोनी बोलावलं तिकडं?" तुमचा आवाज पार कंपाउंडबाहेर जायचा. "तुह्यं काम दार लावाचं हाय. वरातीत नाचाले दुसरे हायेत!" कडेला उभ्या पोरी खी खी करायच्या. मी तीन वर्षं त्या दोरीत काढली. आणि दोरीपेक्षाही तुमचा एक नियम डोक्यात बसला, तुम्ही तो रोज घोकून घेत होतात. "बॉलपाशी उशिरा पोचला तं पाय घालू नोको. उशिरा घातलेला पाय म्हंजे फाउल. मंग तुह्या मनात काई का असंना, शिट्टी वाजते."

चांगलं काहीच आठवत नाही असं नाही. नसतं आठवलं तर बरं झालं असतं. हुडकेश्वरला तेव्हा शेतंच होती, तुमच्या दोन खोल्यांच्या घरामागे तुरीचं वावर. रविवारची प्रॅक्टिस झाली की तुम्ही आम्हा चौघांना तिकडे हाकत न्यायचात. काकू चुलीपुढे बसून पाटोड्यांची रस्सा भाजी करायच्या, तुम्ही त्यांच्या शेजारी फतकल मारून भाकरी थापायचात. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही, पोरांसमोर भाकरी थापणारा. स्पाइकचे पहिले बूट मला तुम्हीच दिलेत. जुने होते, एक नंबर मोठे होते, पुढे कापूस कोंबून घातले. त्या रात्री मी ते उशाशी ठेवून झोपलो. सर, मला या बुटांचाच सगळ्यात जास्त राग येतो. नुसतेच वाईट असतात त्यांना माणूस शिवी देऊन मोकळा होतो. तुम्हाला नीट शिवीही देता येत नाही.

आता त्या पेपरचं. मी बी.ए. फायनलला होतो. त्या हिवाळ्यात आपण इंटर-कॉलेजची फायनल पुन्हा हरलो होतो, एका गोलनं. मॅच पाहायला एका सरकारी खात्याचा निवड करणारा साहेब आला होता. खेळाडूंच्या कोट्यातून त्यानं दोघांची नावं लिहून नेली, माझं आणि आम्हा चौघांतल्या राइट बॅकचं. अट एकच, जूनपर्यंत डिग्री हातात पाहिजे. अन् तुमचं त्या महिन्यात एकच टुमणं, "पुढच्या साली हेच चौघं राह्यले, तं कप कुठं जात नाही." उन्हाळ्यात पेपर सुरू झाले. शेवटचा इतिहासाचा. मी रोल नंबर टाकला, अर्धा तास पंख्याकडे पाहत बसलो आणि पेपर कोरा देऊन बाहेर आलो. नापास झालो, म्हणजे कॉलेजात राहिलो, म्हणजे टीममध्ये राहिलो. पुढच्या वर्षी तिसऱ्याच मॅचला माझा गुडघा फिरला. कप तर आला नाहीच. राइट बॅक त्याच जूनमध्ये नोकरीला लागला, मागच्या वर्षी अधिकारी म्हणून रिटायर झाला, आणि आता रोज सकाळी मला व्हॉट्सॲपवर गुलाबाचं फूल पाठवतो. मी लंगडत डिग्री घेतली, चार ठिकाणी धक्के खाल्ले, आणि शेवटी तुम्हीच मोठ्या सरांकडे शब्द टाकून मला मैदानावर चिकटवलंत. तेही तुमचेच उपकार! तेव्हापासून बायकोला, पानठेल्यावरच्या मित्रांना, ज्यानं ऐकलं त्याला मी एकच सांगत आलो, की सरांनी मला पेपर सोडायला लावला, एका कपासाठी माझ्या आयुष्याची माती केली.

आणि मागच्या महिन्यात ती पोरगी आली. आपल्या मुलींच्या टीमची स्टॉपर आहे, डिफेन्सच्या मधली, कामठीची, वडील पॉवरलूमवर. सर, अशी पोरगी तुम्ही पाहिली असतीत तर मोठ्या सरांची गचांडी धरून म्हणाला असतात, पाहा, याले म्हन्तेत डिफेन्स. मी मुलींनाही तुमच्याच दोरीत बांधतो. नवी आहे, पण सुतळी कळमन्याचीच. प्रॅक्टिस संपली होती, मी दोरी गुंडाळत होतो, आणि ती समोर येऊन उभी राहते. "सर, शेवटचा पेपर सोडून देऊ काय?" मी वर पाहतो. ती एका दमात बोलत जाते. "आपली टीम आत्ता कुठं जमून राहिली. अन् डिग्री झाली का बाबा मले खेळू नाही देत, नोकरी पाहा म्हन्तेत. पेपर राह्यला तं एक साल भेटते, सर. तुम्ही म्हनसान तं सोडतो." पुढच्या वर्षी ही टीम कप आणू शकते, हे तिलाही माहीत आहे आणि मलाही. मी मान खाली घातली, दोरीला आणखी एक वेढा दिला आणि म्हणालो, "पाहू."

तो शब्द तोंडातून गेला आणि मी तिथल्या तिथे थिजलो. सर, तुम्ही मला पेपर सोडायला सांगितलं नव्हतं. मीच विचारलं होतं. याच मैदानावर, याच कोपऱ्यात, तुम्ही दोरी गुंडाळत होतात. मीच म्हणालो होतो, सर, शेवटचा पेपर सोडू का? पुढच्या वर्षी कॅप्टन मीच होणार होतो, त्याची हाव मला सुटली होती. आणि तुम्ही वर न पाहता म्हणालात, "पाहू." बस, एवढंच. बाकीचं सगळं मी मागून रचलं, आणि इतकी वर्षं सांगून सांगून खरं केलं.

पण लगेच खूश होऊ नका. उलट आता माझा राग पहिल्यापेक्षा वाढला आहे, कारण आता मला कळलं की तुम्ही नेमकं काय केलंत. मी एकवीस वर्षांचं येडं पोरगं होतो, तुम्ही दोन लेकरांचे बाप. कंपाउंडबाहेर आवाज जाणाऱ्या माणसाला "नाही बे, लिही गुमान पेपर" एवढं म्हणायला काय धाड भरली होती? आमचा पाय वीतभर पुढे पडला तरी तुम्ही आकाशपाताळ एक करायचात. माझं सगळं आयुष्य पुढे पळत सुटलं होतं, आणि तुम्ही दोरी गुंडाळत बसलात! तुम्हाला चौघं पाहिजे होते. राइट बॅक जाणारच होता, पण गप्प राहिलं की निदान मी तरी मिळत होतो. तुम्ही गप्प राहिलात.

ती विचारून गेल्यापासून मला माझ्या पेपरच्या दिवसाचं एक डोळ्यांपुढून हलत नाही. मी सेंटरच्या गेटबाहेर आलो तेव्हा तुम्ही समोरच्या कडुनिंबाखाली होतात. एप्रिलचं ऊन, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, तो घामानं चिंब. मी नेहमी सांगायचो, की मी खरंच पेपर सोडतो का, हे बघायला तुम्ही पहारा देत होतात. पण तुमची लुना स्टँडवर नव्हती, सर. रस्त्याच्या कडेला आडवी पडली होती, मागचं चाक फिरत होतं. लुनाला पोटच्या पोरासारखं पुसणारा माणूस तिला तशी टाकून धावत गेटपाशी आला होता. "लिहिला काय?" तुम्ही विचारलंत. मी नाही म्हणालो. तुम्ही दुपट्ट्यानं तोंड पुसलंत, बराच वेळ पुसत राहिलात. मग म्हणालात, "चाल, चहा घेऊ." मला थांबवायलाच आला असाल. असालच, आता मला तसंच वाटतं. पण उशिरा आलात. आणि उशिरा घातलेल्या पायाचं काय होतं, हे तुम्हीच शिकवलंत. मनात काही का असेना.

त्या पोरीचं सांगून संपवतो. पाच दिवस ती रोज प्रॅक्टिसला आली, रोज माझ्याकडे पाहत राहिली, आणि मी मैदानावरच्या प्लास्टिकच्या कोनांची जागा बदलत राहिलो. शेवटच्या पेपरच्या दिवशी सकाळी ठरवलं, जायचं आणि तिला हाताला धरून आत बसवायचं. मी सेंटरला पोचलो तेव्हा बेल होऊन पाऊण तास झाला होता. गेटबाहेर तिची आई सावलीत बसली होती, मांडीवर पोरीची बॅग. मला पाहून धडपडत उठली. "तुम्ही काहून आले जी, सर? ते तं कवाचीच आत गेली. म्हने, सर काई बोलतच नाहीत, म्हंजे लिहाच लागते." हसली बिचारी, बाटलीतलं पाणी दिलं. मी ते उभ्यानं प्यायलो. आनंद व्हायला पाहिजे होता, सर. झाला नाही. पहिलं मनात आलं ते हे, की गेला आपला कप.

आणि हे कुणालाच सांगितलेलं नाही, तुम्हालाही पाठवता येणार नाही म्हणूनच लिहितो. त्या सकाळी गाडी पंक्चर नव्हती, रस्त्यात गर्दी नव्हती, घरी कोणी आजारी नव्हतं. आठ वाजता मी कपडे करून तयार होतो. मग पोर्चमध्ये बसून दहा बॉलमध्ये हवा भरली. ती आधीच भरलेली होती.