रेघेच्या आत राहणे

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.
काल धाकट्या भावाचा फोन. म्हणे, तुम्ही दोघं नोकरीवर, आई दिवसभर घरात एकटी, पडलीबिडली तर कोण बघणार? मी तिला माझ्याकडे नेतो. सोळा तारखेला येतो, समोरासमोर ठरवू. ठरवू! हा कोण ठरवणार? याच्या बुटांच्या नाड्या मी बांधल्यात. शेंडेफळाने आता मला शहाणपण शिकवायचं!
आई कुठेही जाणार नाही. वायरलेस अलार्म मागवला आहे. दाराला सेन्सर, हॉलला सेन्सर, आईच्या गळ्यात बटण. ये म्हणावं सोळाला.

५ फेब्रुवारी, बुधवार.
खोकं आलं. कंपनीची बाई फोनवर म्हणाली, आमचा माणूस येऊन फुकट बसवून देईल. मी म्हटलं, गरज नाही. वीस वर्षं लिफ्टच्या कंपनीत तक्रारींच्या फोनवर बसतोय. लिफ्टमध्ये अडकलेला माणूस बटण दाबतो तेव्हा मीच उचलतो आणि म्हणतो, घाबरू नका, माणूस निघालाय. अलार्म म्हणजे काय ते मला कोण शिकवणार?
निश्चय: पुस्तिका वाचायची नाही.
संध्याकाळी ८. पुस्तिका सापडत नाही. बायकोनेच टाकली असणार. ती म्हणते, तुम्हीच सकाळी खोक्यासकट रद्दीत दिलीत. काहीही बोलते.

८ फेब्रुवारी, शनिवार.
बसवला! सेन्सर दोनदा भिंतीवरून पडला. भिंतच खराब आहे, त्या रंगाऱ्याला सोडणार नाही. मग सायरन वाजवून बघितला. समोरच्या मास्तरांच्या हातातून चहाचा कप पडला. ते सांगायला आले. अख्ख्या मजल्याचं संरक्षण होतंय, आणि यांना कपाची पडलीय.
संकटात कोणाला कळवायचं, त्यासाठी ॲप तीन नंबर मागतं. बायको म्हणाली, एक तुमचा, एक माझा, एक भाऊजींचा. ती कामावर फोन उचलत नाही. आणि धाकट्याचा नंबर? म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! तिन्ही जागी माझाच टाकला.

१० फेब्रुवारी, सोमवार. दुपारी १२.
ऑफिसात असताना सायरनचा मेसेज. धावत घरी. आई पाणी प्यायला उठली होती.
दुपारी ३. पुन्हा. आई बाथरूमला गेली होती.
हेल्पलाइनच्या बाईला फैलावर घेतलं. ती म्हणते, साहेब, घरात माणूस असेल तर 'घरी' मोड लावा. मग फक्त दार राखलं जातं, हॉलमध्ये खुशाल फिरा. म्हणजे अर्धंच संरक्षण! खिडकीतून कोणी आलं तर? तुम्ही चौथ्या मजल्यावर राहता ना, असं विचारते. चोर काय हिला विचारून येणार आहे? मी 'बाहेर' मोडच ठेवणार. पूर्ण म्हणजे पूर्ण.

११ फेब्रुवारी, मंगळवार.
तोडगा निघाला. भिंतीलगतचा दीड फूट सेन्सरला दिसत नाही. टेप लावून मोजलं. आईच्या खोलीपासून स्वयंपाकघर आणि बाथरूमपर्यंत फरशीवर खडूची रेघ मारली. रेघेच्या आत राहायचं, पाठ भिंतीला, पावलं आडवी. सोपं आहे. आईकडून चार वेळा सराव करून घेतला. चौथ्यांदा छान जमलं. वयाच्या मानाने हुशार आहे.
आई विचारत होती, चारला मास्तरांच्या बायकोकडे गप्पा मारायला जायचं कसं? म्हटलं, दार उघडायचं नाही. गप्पा काय, रविवारी होतील.
 बायको भांडी दणादण आपटत होती.

१३ फेब्रुवारी, गुरुवार.
११.४० ला फोन लागोपाठ तीनदा वाजला. आईचं बटण!  लाइनवर लिफ्टमध्ये अडकलेले दोघं होते, त्यांना तसंच ठेवून पळालो. घरी बघतो तर आई खुर्चीत आरामात बसलेली.
"काही नाही रे," म्हणाली. "बटण दाबलं की तू येतोस का, ते बघितलं."
डोकंच फिरलं. बटण संकटासाठी असतं, गंमत म्हणून नाही, असं चांगलं सुनावलं. नियम कागदावर लिहून तिच्या खाटेसमोर चिकटवले. आई वाचत बसली.
त्या अडकलेल्या दोघांनी माझी लेखी तक्रार केली आहे. उपकाराची जाणच नाही लोकांना.
ता.क. सायरन बंद करायचा कोड बदलला. अवघड ठेवलाय. चोराच्या बापाला सुचणार नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार.
लिहायची इच्छा नाही. तरी लिहितो, कारण चूक माझी नाही.
धाकटा अकराला आला. त्याला सोफ्यावर बसवलं, अजिबात हलू नकोस म्हटलं आणि मोबाइलवरून यंत्रणा चालू केली. सगळं समजावून सांगत होतो. तेवढ्यात आई त्याच्यासाठी पाणी घेऊन आली. भिंतीला पाठ लावून, आडवी, एकेक पाऊल टाकत. एकही चूक नाही. मला अभिमान वाटला.
धाकट्याने विचारलं, आई, अशी का चालतेस?
"रेघेबाहेर गेलं की दादाचं यंत्र ओरडतं," आई म्हणाली.
धाकटा उठला, सरळ हॉल ओलांडून तिच्याकडे गेला. सायरन सुरू. कोड टाकला. चुकीचा. पुन्हा टाकला. चुकीचा. यंत्रात दोष आहे. त्या गोंगाटात मी धाकट्याला नाही नाही ते बोललो, त्याला एक अक्षर ऐकू गेलं नाही. बायको आईची बॅग भरत होती. तिला कोणी सांगितलं होतं?
आईने गळ्यातलं बटण काढून खिळ्याला अडकवलं. दारात माझ्या गालाला हात लावून काहीतरी म्हणाली. सायरनमध्ये ऐकू आलं नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार. संध्याकाळी ६.३०.
दोन दिवसांत एकही खोटा सायरन नाही. ॲप म्हणतं, घर सुरक्षित, हालचाल शून्य. शेवटी चाललीच ना यंत्रणा! धाकट्याला हे कळवलं पाहिजे. नको, त्यालाच करू दे फोन.
सकाळी बायको फडकं घेऊन रेघ पुसायला बसली. मी तिच्यावर ओरडलो. असू दे म्हटलं, लागेल. बरोबर भिंतीलगत चालत ऑफिसला गेलो. सवय राहावी म्हणून.
बायको अजून यायची आहे. आईच्या खाटेवर बसलोय. बटण खिळ्यालाच आहे. बॅटरी तपासायला हवी म्हणून दाबलं. फक्त तपासणी.
खिशातला फोन वाजला. बंद झाला. पुन्हा वाजला. उचलला, तर यंत्रातली बाई सांगत होती, तुमच्या घरातल्या व्यक्तीला मदत हवी आहे. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा सवयीने उचलून म्हणालो, "घाबरू नका, माणूस निघालाय."
कोणी निघालं नव्हतं.