लॅमिनेट केलेलं पोकेमॉन

आमचे लाडके रागोबा,

तू सातवीत असताना तुझं सगळ्यात दुर्मिळ पोकेमॉनचं कार्ड मळेल म्हणून मी आपल्या झेरॉक्सच्या दुकानात नेलं आणि झकास लॅमिनेट करून आणलं. वर कोपरेही गोल कापले. "बाबा, आता हे कोणी अदलाबदलीतसुद्धा घेणार नाही," म्हणालास आणि आठवडाभर माझ्याशी बोलला नाहीस. मीही चूक कबूल केली नाही.

काल सूनबाईने फोनवर सांगितलं, नातीने तुझ्या पाकिटातलं ते कार्ड खेळायला मागितलं. तू म्हणालास, "हे लढाईत उतरवायचं नाही. हे माझ्या बाबांनी केलंय."

समोर गिऱ्हाईक उभं होतं आणि मला मशीनचं बटण दिसेना.

हे पत्र पाठवलं तर चिडवशील. त्यापेक्षा लॅमिनेट करून खणात ठेवतो.

कोपरे मात्र या वेळी कापणार नाही.

तुझा,
बाबा