उजवीकडच्या तारेची पिन

३ जानेवारी, शनिवार
सकाळी अण्णांना घेऊन गंगापूर धरणावर. दिवाळीनंतर पहिल्यांदाच. होडी किनाऱ्यावर पालथी, धरणावरच्या काशिनाथने वर ताडपत्री टाकलीय. डोलकाठी बाजूला पडलेली. अण्णा लांबच उभे राहिले. माझा मोठा भाऊ, कारखान्याच्या टूलरूममध्ये जन्म गेला, केसभर फरकावरून भांडणारा माणूस. आपल्याच होडीला हात लावेना.
परत येताना गाडीत म्हणाले, "विकून टाकू, शुभा. पण आधी नीट करू. गळकी वस्तू कुणाच्या गळ्यात मारायची नाही."
मी करते म्हटलं. एवढं तरी.

४ जानेवारी
लिहूनच टाकते एकदा.
दिवाळीत अपघात झाला त्या दिवशी शीड चढवताना अण्णांनी विचारलं होतं, "उजवीकडच्या तारेची पिन बघितलीस का?" मी फोनवर. शाळेची सहल, बसचं काहीतरी. न बघता "हो" म्हटलं. डोलकाठी तीन तारांनी ताणून धरलेली असते. तारेची पिन निसटू नये म्हणून तिला बारीकशी क्लिप. ती नव्हती. मध्यावर गेल्यावर वारा भरला, पिन गेली, काठी सरळ अण्णांच्या खांद्यावर. गळ्याजवळचं हाड मोडलं.
दवाखान्यात तेच म्हणाले, "क्लिप मीच लावायची विसरलो असणार." मी पाण्याची बाटली उघडत होते. उघडतच राहिले.

१० जानेवारी, शनिवार
शाळेतून थेट धरणावर. गळती शोधायला होडी लाकडी घोड्यांवर सुलटी ठेवली, आत बादल्यांनी पाणी ओतलं. काशिनाथ धरणात जाळं टाकतो, होड्यांतलं त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. बाहेरून कोरडी पुसून खडूची पूड लावली. पूड ओली होईल तिथे गळती. मागची फट लगेच सापडली. दुसरी नाही. पुढे थेंब पडतो, पण तिथे फट दिसत नाही.
"आतल्या आत फिरतंय पानी, ताई. आज नाय सापडायचं."
हात गारठले. बरं वाटलं गारठल्यावर.

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ द्यायला अण्णांकडे. फ्रिजवर चिठ्ठ्या. गॅस बंद केला का. सकाळची गोळी. गच्चीचं दार. सगळं अण्णांच्या त्या सरळ अक्षरात.
वहिनी स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "स्कूटरची किल्ली आपणहून दिली मला. म्हणतात, माझा मलाच भरवसा राहिला नाही. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांना दाखवतेय, विसराळूपणासाठी."
तेव्हा बोलायला हवं होतं. वहिनीच्या हातात पोळ्या, बाहेर शेजारी आलेले. कारणं काय, मिळतातच.

१८ जानेवारी, रविवार
दुसरी गळती सापडली. होडीच्या पोटातून खाली सोडायचं जे पातं, त्याच्या पेटीच्या बुडाशी. जुना थर खरवडून इपॉक्सी भरलं. काशिनाथने अ‍ॅल्युमिनियमची डोलकाठी ठोकून सरळ केली, वाकली होती तिथे आतून नळी बसवली.
मग तारा. कापूस धरून प्रत्येक तार वरपासून खालपर्यंत पुसायची, तुटका धागा असला की कापूस अडकतो. डावीला दोन जागी अडकला. ती सातपूरहून नवीन करून आणणार. पुढची ठीक.
उजवीला काहीच झालेलं नाही. तीनदा पुसली. नुसती एक क्लिप.

२४ जानेवारी, शनिवार
घेणारे आले. चांदवडचे दातांचे डॉक्टर, सोबत बायको. होडी आवडली. मी तारा दाखवत होते, तेवढ्यात अण्णा पुढे झाले. "एक सांगितलं पाहिजे. हिला अपघात झालाय. चूक होडीची नाही. क्लिप लावायला मी विसरलो. वय झालं."
डॉक्टर म्हणाला, "होतं हो काका, या वयात." बायकोकडे बघून हसला थोडं.
अण्णांनी मान हलवली. हो म्हणून.
मी पान्हा हातात घेऊन उभी. पुढच्या रविवारी पक्कं करू म्हणून गेले ते.

२५ जानेवारी
सांगितलं.
दुपारी अण्णा गच्चीत उन्हाला बसलेले. म्हटलं, "अण्णा, तुम्ही विसरला नव्हता. तुम्ही मला विचारलं होतं."
"काय विचारलं होतं?"
शब्द न् शब्द सांगितला. माझं "हो" पण. फोनपण.
मग म्हणाले, "मला आठवतंय ते. मला वाटलं, मीच मनाने रचलं. आपली चूक झाकायला." हाताची बोटं बघत बसले. "विसराळूपणाच्या डॉक्टरने परवा घड्याळ काढायला लावलं मला. कागदावर. पहिलीतल्या पोरासारखं. तीन महिने, शुभा."
उठून खाली गेले. खोलीचं दार लावलं. वहिनीने सगळं ऐकलं असणार. म्हणाली, "तू जा आता."

२६ जानेवारी
शाळेत झेंडावंदन. फोन केला नाही. आला नाही.

२९ जानेवारी
वहिनीला फोन. "जेवतात. बोलत नाहीत. फ्रिजवरचं सगळं काढलं मात्र." मी विचारलं, येऊ का? "त्यांना विचारून सांगते," म्हणाली. सांगितलं नाही.

१ फेब्रुवारी, रविवार
दातांचे डॉक्टर अकराला येणार, म्हणून दहालाच धरणावर. किनाऱ्यावर घोडे रिकामे. होडी पाण्यात, पार लांब, शीड भरलेलं. काशिनाथची बायको जाळं वाळत घालत होती.
"भाऊ आठलाच आले. ह्यांना घेऊन गेले."
"माझ्याबद्दल काही बोलले?"
"नाय बा."
अण्णा मागे बसलेले ओळखू येत होते, सुकाणूवर. खांदा कसा धरलाय ते इतक्या लांबून कळेना. किनाऱ्याकडे वळले, मला वाटलं येतायत. मग शीड पलीकडे घेतलं आणि परत लांब गेले. मी हात वर केला होता. दिसला असेल, नसेलही.
डॉक्टर आला. बघत राहिला. "मस्त चाललीय की. विकायची आहे ना पण?"
"मला माहीत नाही. त्यांनाच विचारा."
"काका ते, ना? नाही, मागच्या वेळी ते जरा…"
"त्यांना सगळं नीट आठवतं," मी म्हटलं. "विसरले नव्हते ते. पिन मी बघायची होती."
आम्ही उभे राहिलो. बारा वाजून गेले तरी होडी पाण्यातच होती.