अकरा वेळा फॉरमॅट

आशुदादा,

मी कॉम्प्युटर टेक्निशियनची परीक्षा पास झाले. आईच्या तेराव्याला, उलव्याच्या तुझ्या नव्या फ्लॅटमध्ये, "चाळिशीत कसले स्क्रू फिरवतेस गं?" असं सगळ्यांदेखत हसत तूच तुझा जुना कॉम्प्युटर मला दिलास. "भंगारातच जाणार होता. घे, कर प्रॅक्टिस."

मग मी केली प्रॅक्टिस. त्याची हार्ड डिस्क अकरा वेळा फॉरमॅट केली, अकरा वेळा नव्याने विंडोज टाकलं.

काल, सहा महिन्यांनी, तुझा फोन आला. शेवटच्या आजारपणात आईने तुला पाठवलेले व्हॉइस मेसेज त्या कॉम्प्युटरमध्ये होते म्हणे. मोबाइल भरला म्हणून तू ते न ऐकताच तिथे कॉपी करून ठेवले होतेस. "ऐकणार होतो गं, वेळच मिळाला नाही," म्हणालास. मी शांतपणे सांगितलं, "सगळं पुसलं गेलं दादा. आता काही मिळायचं नाही."

परीक्षेत एक प्रश्न होता, फॉरमॅट करण्याआधी काय कराल? मी उत्तर दिलं, बॅकअप घेईन.

त्या बॅकअपचा पेन ड्राइव्ह इथे सीवूड्सला माझ्या तांदळाच्या डब्यात आहे. त्रेचाळीस मेसेज आहेत. प्रत्येकात आई एकच विचारते, "आशू, कधी येतोस रे?"

हे पत्र मी तुला पाठवणार नाही. तू ते मेसेज ऐकलेस, तर रडून मोकळा होशील.

तुझ्या भंगारावर शिकलेली,
प्राची